३८ अब्ज पौंडांचा अपुरा न्याय

ब्रिटनमधील बँकांनी कर्जदारांच्या गळ्यात वर्षानुवर्षे एक विमा मारला : पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स, अर्थात पीपीआय. आजारपणात वा बेकारीत कर्जाचे हप्ते भरणारा हा विमा स्वयंरोजगारी आणि निवृत्तांनाही विकला गेला. त्यांतील अनेकांना त्याचा लाभ मिळणेच अशक्य होते.

२०११ मध्ये बँका उच्च न्यायालयात हरल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका प्रकरणात विम्याच्या रकमेपैकी ७१.८ टक्के दलालीत गेले होते आणि कर्जदार महिलेस ते सांगितलेच नव्हते.

तक्रारींची मुदत २९ ऑगस्ट २०१९ रोजी संपली. परतफेड ३८ अब्ज पौंडांवर गेली. तरीही हा न्याय अपुराच. ज्यांनी तक्रार केली नाही, त्यांचा पैसा बँकांकडेच राहिला. फसवणूक शोधण्याचा भार फसवल्या गेलेल्यावरच टाकणाऱ्या व्यवस्थेला न्याय्य म्हणता येत नाही.