लकवा बाहेरून लागत नाही

रोवणीचे दिवस. बांधावर बसलेल्या आजीचे तोंड एकाएकी वाकडे होते, उजवा हात पडतो, बोलणे बोबडे होते. घरचे म्हणतात, "बाहेरचे लागले." कोणी अंगारा आणतो, कोणी पुजाऱ्याकडे धावतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांत हे कोणी पाहिले नाही?

आया-बहिणींनो, लकवा हा मेंदूचा आजार आहे. मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने बंद पडते किंवा फुटते. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते. फिट आणि कंपवात हेही मेंदूचेच विकार.

अशा रोगांचे तज्ज्ञ बहुधा शहरातच सापडतात. डॉ. योगेश्वर कालकोंडे मात्र अमेरिकेत मेंदूविकारांचे शिक्षण घेऊन गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेत आले. त्यांनी व सहकाऱ्यांनी ८६ गावांतील मृत्यूंची कारणे तपासली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या काळातील १५९९ मृत्यूंपैकी २२९ लकव्याने झाले होते. म्हणजे सातांत एक! आपण हिवतापाला भीत होतो. पहिला क्रमांक लकव्याचा निघाला. बहुतेकांनी घरीच प्राण सोडले.

वाढलेला रक्तदाब हे याचे मोठे कारण. तो दुखत नाही, म्हणून कळत नाही. खर्रा आणि बिडी त्यात भर घालतात.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. आपल्या आजी-आजोबांनी त्या दिवशी अंगारे-धुपारे सोडले. मग घरात दुखणे आले की तेच पुन्हा उंबरठ्याच्या आत का येतात? बाबासाहेबांनी स्वतःच्या मधुमेहावर डॉक्टरांचे औषध घेतले.

तोंड वाकडे झाले, हात पडला, बोली अडखळली, तर घड्याळ पाहा आणि १०८ ला फोन लावा. तोंडात पाणी घालू नका. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मेंदूची तपासणी करून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मांत्रिकाकडे गेलेला वेळ परत मिळत नाही.

लकव्यानंतर माणूस उगाच रडतो, चिडतो, गप्प बसतो. त्याला वेडा म्हणू नका. तोही आजाराचाच भाग असतो, डॉक्टरांना सांगा. हातापायांचा व्यायाम रोज करून घ्या.

येत्या रविवारी विहारात जमाल, तेव्हा एकमेकांना एवढेच विचारा : रक्तदाब कधी मोजला? गोळी सुरू असेल तर बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

जयभीम!