महाग हेडफोन, सुधारलेला आवाज आणि कानाचा हिशेब

सेनहायझर या जर्मन कंपनीने २००९ मध्ये ‘एचडी ८००’ हा हेडफोन बाजारात आणला, तेव्हा त्याची किंमत सुमारे १,४०० डॉलर होती. ध्वनीचा विस्तार, वाद्यांची नेमकी जागा आणि बारकावे यांसाठी त्याचे कौतुक झाले. पण अनेक श्रोत्यांची एक तक्रार कायम राहिली. ‘स’, ‘श’ ही अक्षरे, झांजेचा किणकिणाट आणि व्हायोलिनचा गज कानाला टोचतात. मोजणी केल्यावर कारण सापडले. सुमारे ६ हजार हर्ट्झच्या आसपास या हेडफोनचा आवाज शेजारच्या वारंवारतांपेक्षा उंचावलेला होता. मग काही हौशी मंडळींनी हजारो रुपयांचा हा हेडफोन उघडला आणि आत फेल्ट, फोम किंवा ध्वनी शोषून घेणारा छोटा तुकडा बसवला. टोचणे कमी झाले. २०१६ मध्ये कंपनीने ‘एचडी ८०० एस’ ही सुधारित आवृत्ती आणली. त्यातही हाच उंचवटा दाबण्यासाठी शोषक बसवलेला होता.

या एका उदाहरणात हेडफोन सुधारण्याच्या छंदाची चांगली बाजू दिसते. दोष ऐकला गेला, तो मोजला गेला, उपाय केला गेला आणि पुन्हा मोजून पाहिला गेला. हा विज्ञानाचाच रस्ता आहे. मात्र याच छंदाच्या नावाखाली आज हजारो रुपयांच्या तारा, ‘शंभर तास वाजवून मुरवण्याचे’ सल्ले आणि दर वर्षी नवे मॉडेल घेण्याची घाईही विकली जाते. त्यात खरे किती, हे ठरवण्याची साधने उपलब्ध आहेत, आणि प्रश्न फक्त खिशाचा नाही, कानाचाही आहे.

गादी बदलली की आवाज बदलतो

मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावतात, तेव्हा घोडीवर तारेखाली सरकवलेला एक साधा दोरा सगळा नाद बदलून टाकतो. हेडफोनचेही तसेच आहे. ध्वनी निर्माण करणारा पडदा तोच राहिला, तरी त्याच्या पुढची आणि मागची हवा कशी कोंडली आहे, यावर आवाज ठरतो.

सर्वांत मोठा फरक पडतो तो कानाभोवतीच्या गादीने. ती रेक्झिनची आहे की मखमलीची, तिची जाडी किती, तिला छिद्रे आहेत का, यावर खर्जाचा भरणा आणि तार स्वरांची धार बदलते. बंद हेडफोनची गादी त्वचेला नीट चिकटली नाही, तर खर्ज फटीतून निसटून जातो. चष्म्याच्या काडीमुळे किंवा दाट केसांमुळेही हेच होते. त्यामुळे दोन-तीन वर्षे वापरलेल्या हेडफोनचा आवाज ‘बिघडला’ असे वाटते, तेव्हा पुष्कळदा दबलेली, भेगा पडलेली गादी हेच कारण असते. नवी गादी बसवणे ही सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक दुरुस्ती आहे. एकच अट, गादी मूळ मापाची हवी. वेगळ्या मापाची गादी लावली, तर तो जणू वेगळाच हेडफोन होतो, आणि तो सुधारलेलाच असेल असे नाही.

दुसरा परिणामकारक उपाय म्हणजे इक्वलायझर. मोबाइल किंवा संगणकावरच्या मोफत सॉफ्टवेअरने एखादा उंचवटा नेमका खाली आणता येतो, आणि पटले नाही तर क्षणात पूर्वस्थितीवर येता येते. काही उचलण्यापेक्षा नको ते कमी करणे केव्हाही बरे. खर्ज १० डेसिबलने उचलला की त्या पट्ट्यातली ध्वनिऊर्जा दहापट होते. पडदा फाटल्यासारखा वाजू लागतो आणि कानावरचा भारही वाढतो.

तारांचे गणित वेगळे आहे. तारेचा रोध पुरेसा कमी असेल आणि जोड घट्ट असतील, तर तांब्याच्या आणि चांदीचा मुलामा दिलेल्या तारेत पडणारा फरक मोजमापात नगण्य असतो. ‘मुरवण्या’बद्दलही असेच म्हणता येईल. काही दिवसांत गादी डोक्याच्या आकाराला बसते आणि मेंदू नव्या आवाजाला सरावतो. बदल जाणवतो तो खरा असतो, पण तो बहुतेक श्रोत्यात झालेला असतो.

डोळ्यांनी ऐकणे

हेडफोनची तुलना करताना माणूस फसतो तो दोन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे आवाजाची पातळी. दोन हेडफोनपैकी एक जरा मोठ्याने वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला तो ‘मोठा’ वाटत नाही, ‘चांगला’ वाटतो. अधिक स्पष्ट, अधिक जिवंत. फरक एखाद्या डेसिबलचा असला तरी पुरतो. म्हणून पातळी मोजून समान केल्याशिवाय केलेली कोणतीही तुलना दुकानातल्या विक्रेत्याच्या हाती असते.

दुसरे ठिकाण म्हणजे डोळे. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ मध्ये ४० श्रोत्यांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात अजून दाखला म्हणून दिला जातो. श्रोत्यांना चार लाउडस्पीकर पडद्याआडून आणि समोर दिसत असताना, अशा दोन्ही प्रकारे ऐकवले गेले. डोळ्यांसमोर असताना मोठ्या, देखण्या, महागड्या स्पीकरचे गुण वाढले आणि लहानशा स्वस्त स्पीकरचे घटले. ऐकणारी माणसे ध्वनी उपकरणांच्याच कंपनीत काम करणारी होती. म्हणजे जाणकारीही या भ्रमापासून वाचवत नाही.

हेडफोनच्या बाबतीत पडदा लावूनही भागत नाही, कारण वजन आणि स्पर्श यावरून डोक्यावर काय चढले आहे ते कळते. त्यावर ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोडगा काढला. एकाच हेडफोनवर इक्वलायझरने वेगवेगळ्या हेडफोनचे आवाज उभे करायचे आणि श्रोत्यांना पसंती विचारायची. अशा चाचण्यांतून ‘हार्मन वक्र’ म्हणून ओळखला जाणारा नमुना तयार झाला. त्याचे सार साधे आहे. चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरचा आवाज कानाच्या पडद्याशी जसा पोहोचतो, साधारण तसाच आवाज बहुतेकांना हेडफोनमधूनही आवडतो. कानाची पाळी आणि कानाची नळी सुमारे ३ हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर मुळातच उचलून धरते. हेडफोनने ते गृहीत धरले नाही, तर गाणाऱ्याचा आवाज दूर गेल्यासारखा वाटतो.

हा नमुना बहुसंख्यांच्या पसंतीचा आहे, प्रत्येकाच्या नव्हे. कानाच्या नळीची लांबी, पाळीचे वळण, वय यांप्रमाणे तो बदलतो. ८ हजार हर्ट्झच्या वर तर हेडफोन डोक्यावर किंचित सरकला तरी आलेख बदलतो. म्हणून एखाद्या समीक्षकाला ‘झगमगीत’ वाटलेला हेडफोन दुसऱ्याला बोचरा वाटू शकतो, आणि दोघेही खरे सांगत असतात.

किमतीशी नाते किती?

येरुन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात २८३ हेडफोनच्या मोजमापांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. हेडफोनची किंमत आणि त्याचा वारंवारता प्रतिसाद, म्हणजे तो कोणते स्वर किती उचलतो किंवा दाबतो, यांच्यात त्यांना संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असतात असा नाही. टिकाऊपणा, आराम, सुटे भाग मिळणे, डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ, कमी विकृती यासाठी जास्त पैसे मोजणे समजण्यासारखे आहे. पण ‘दुप्पट किंमत म्हणजे दुप्पट चांगला आवाज’ या समजाला मोजमापाचा आधार नाही.

भारतीय ग्राहकाची अडचण याच ठिकाणी सुरू होते. खोक्यावर ‘डीप बास’ ठळक छापलेले असते, बॅटरी किती तास चालते तेही असते. प्रत्यक्ष मोजलेला आलेख मात्र सहसा नसतो, आणि किती आवाजाला किती वेळ ऐकणे सुरक्षित, हेही नसते. युरोपात खिशातल्या संगीत उपकरणांसाठी ८५ डेसिबलच्या वर जाताना इशारा आणि कमाल १०० डेसिबलची मर्यादा असे मानक आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांच्या संयुक्त मानकात मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ८० डेसिबल ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबल ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. हा हिशेब वाटतो त्यापेक्षा कडक आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८३ डेसिबलला आठवड्याचे २० तास, ८६ला १०, ८९ला ५ आणि ९५ डेसिबलला जेमतेम सव्वा तास.

न बदलता येणारा भाग

हेडफोनची गादी, तार, पडदा, सारे बदलता येते. अंतःकर्णातल्या शंखाकृती नळीतल्या केसपेशी बदलता येत नाहीत. प्रत्येक कानात त्या साधारण १५ हजार असतात, आणि माणसात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. मोठ्या आवाजाने होणारी हानी बहुधा ३ ते ६ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आधी दिसते. व्यंजने ओळखायला लागणारा आणि वाद्यांचा ठसठशीतपणा देणारा पट्टा तोच. गंमत अशी की या पट्ट्यात ऐकणे कमी झालेल्या माणसाला नेमका तिथेच उंचावलेला हेडफोन ‘फार स्पष्ट’ वाटू शकतो. ज्याला तो नव्या हेडफोनचा गुण समजतो, ती त्याच्या कानाची पहिली तक्रार असू शकते.

शिवाय साध्या श्रवणचाचणीत सर्व काही ठीक दिसत असतानाही हानी झालेली असू शकते. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले, की मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली, तरी केसपेशी आणि मज्जातंतू यांना जोडणारे अनेक दुवे कायमचे तुटलेले होते. गोंगाटात बोलणे न कळणे ही तक्रार त्यातून येत असावी, असे अनेक संशोधक मानतात.

गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्याला अचानक आलेल्या दुर्मीळ बधिरत्वाची माहिती दिली, तेव्हा त्यांनी चाहत्यांना मोठ्या आवाजाबद्दल आणि हेडफोनबद्दल सावध केले. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी विषाणूसंसर्ग हे कारण सांगितले होते, हेडफोन नव्हे. हा फरक लक्षात ठेवायला हवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर ‘मळ असेल’ म्हणून थांबू नये. पहिल्या काही दिवसांत उपचार सुरू झाले, तर ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते.

मुंबईच्या लोकलमध्ये उघड्या प्रकारच्या उंची हेडफोनने गाणे ऐकणारा माणूस बाहेरच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवतच जातो. तिथे नीट बसणारे कानातले बड्स किंवा गोंगाट कमी करणारा हेडफोन कमी पातळीवरही तेच गाणे ऐकवतो. घरातल्या शांत खोलीत मात्र उघडा हेडफोन अधिक मोकळा वाटतो. ‘सर्वांत चांगला हेडफोन कोणता’ यापेक्षा ‘कुठे ऐकायचे आहे’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

हेडफोन की श्रवणयंत्र?

या दोन वस्तूंमधली भिंत आता झपाट्याने पातळ होते आहे. सेनहायझरचा हेडफोन व्यवसाय विकत घेण्याचा करार २०२१ मध्ये झाला, तो सोनोव्हा या श्रवणयंत्रे बनवणाऱ्या स्विस कंपनीबरोबर. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अ‍ॅपलच्या एअरपॉड्स प्रो २ साठी श्रवणयंत्राचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला मंजुरी दिली. ऐकण्याची सौम्य ते मध्यम कमतरता असलेल्या प्रौढांसाठी ती आहे. तेव्हा ती सोय भारतात सुरू झालेली नव्हती. बंगळुरूच्या तीन तरुण मित्रांनी आपल्या आजींसाठी त्यावर मार्ग काढला. अ‍ॅल्युमिनियमची फॉइल आणि मायक्रोवेव्ह ओव्हन वापरून त्यांनी बाहेरचे संदेश अडवले, आत अमेरिकेतल्यासारखी वाय-फायची नावे उभी केली आणि टॅब्लेटला आपण अमेरिकेत आहोत असे भासवले.

हीसुद्धा हेडफोनमधली सुधारणाच, पण तिचा हेतू वेगळा. आजीला पुन्हा घरातले बोलणे ऐकू यावे, हा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार २०५० पर्यंत जगातल्या सुमारे २५० कोटी लोकांना ऐकण्याची काही ना काही कमतरता असेल, आणि किमान ७० कोटींना त्यासाठी मदत लागेल. श्रवणयंत्राची किंमत आणि त्याबद्दलचा संकोच, दोन्ही अडथळे असलेल्या समाजात कानातले साधे बड्स हा अर्धा रस्ता ठरू शकतो. मात्र कानाची तपासणी आणि ध्वनितज्ज्ञाचा सल्ला याला ते पर्याय नाहीत.

ज्याला उंची हेडफोन घ्यायचा आहे, त्याने तो जरूर घ्यावा. पण घेण्यापूर्वी मोजलेला आलेख पाहावा, दोन मॉडेलची तुलना समान पातळीवर करावी आणि शक्य तर कोणता कोणता ते न पाहता करावी. जुना हेडफोन फेकण्याआधी त्याची गादी बदलून पाहावी. मोबाइलमध्ये ऐकण्याच्या पातळीची नोंद ठेवणारी सोय असेल, तर आठवड्याचा आकडा एकदा तरी उघडून बघावा. आणि हजारो रुपयांच्या तारेचा विचार मनात आला, तर त्याआधी एकदा कानाची तपासणी करून घ्यावी. ती तारेपेक्षा खूपच स्वस्त पडते.