दोन वाक्यांचे एक करताना

इंग्रजीत दोन वाक्यांचे एक करा म्हटले, की आपण ‘अँड’ घालून मोकळे होतो. चूक नाही, पण सारखं ‘अँड’, ‘अँड’ वाचून कंटाळा येतो. ‘गोदावरी इज अ बिग रिव्हर. इट राइजेस नियर त्र्यंबकेश्वर.’ याचे असे करावे: ‘गोदावरी, अ बिग रिव्हर, राइजेस नियर त्र्यंबकेश्वर.’ याला ॲपोझिशन म्हणतात. नाव अवघड, पण गोष्ट घरचीच! लग्नपत्रिका बघा. ‘आमचे ज्येष्ठ चिरंजीव’ आणि लगेच नवरदेवाचे नाव. माणूस एकच, ओळख दोनदा. मराठीत बहुधा ओळख आधी येते. इंग्रजीत ती नावामागूनही येते, तेव्हा दोन्ही बाजूंना स्वल्पविराम लागतो. दुसरा आपण हमखास विसरतो. एका बाजूनेच कुंपण घातले तर शेळ्या शिरणारच की!

म्हणून मला वाटते, नुसते नियम घोकण्यापेक्षा आधी मराठीत जोडावे. ‘त्वरितादेवी आमची ग्रामदेवता आहे. तिचे मंदिर तलवाड्यात आहे.’ म्हणजे, ‘आमची ग्रामदेवता त्वरितादेवी हिचे मंदिर तलवाड्यात आहे.’ पालकांनीही घरी अशी वाक्ये विचारावीत. त्याला इंग्रजी यायलाच पाहिजे असे नाही. हेच वाक्य आता इंग्रजीत करून आणा. दोन्ही स्वल्पविराम असतील तर इथेच खाली लावू.