खडीचा ढीग चढणारी गाडी

काय दोस्तांनो, रिमोटची गाडी आहे ना तुमच्यापैकी कुणाकडे? मग आज तिचीच गोष्ट.

आमच्या ऐरोलीत ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे पारसिकचा डोंगर दिसतो. तो बघूनच की काय, माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका पठ्ठ्याने वाढदिवसाला 'रॉक क्रॉलर' मागून घेतली. भली मोठी चाकं, खोक्यावर कडा चढणाऱ्या गाडीचं चित्र! मधल्या सुट्टीत त्याने ती खडीच्या ढिगावर सोडली आणि दुसऱ्याच दगडावर गाडी उताणी. पोरं खो खो हसली. त्याचं तोंड एवढंसं झालं. "बाई, मोठी मोटर बसवतो. मामा पाचशे रुपये देणारेय."

म्हटलं, थांब बाबा! हा उद्योग मी करून बसलेय. घरातल्या जुन्या गाडीला मी दोन सेल जास्तीचे जोडले होते. गाडी सुसाट सुटली, दगडाला अडली आणि चाकं जाम झाली. अडकलेली मोटर सगळ्यात जास्त वीज ओढते. जळका वास आला आणि खेळ खलास.

दगड चढायला वेग कशाला हवा? चांद्रयान-३ मधला 'प्रज्ञान' आठवा. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चंद्रावर उतरलेली ही २६ किलोची, सहा चाकांची गाडी सेकंदाला जेमतेम १ सेंटिमीटर चालायची! चाकं जमिनीला टेकलेली हवीत आणि वजन खाली हवं, बस्स.

आधी एक परीक्षा घ्या. गाडी फळीवर आडवी ठेवा, फळी एका बाजूने हळूहळू उचला आणि गाडी कुठे कलंडते ते कोनमापकाने मोजा. आमची ३८ अंशांवर कलंडली. मग आम्ही वरचं जड प्लॅस्टिकचं टप काढलं. सेलचा डबा पाठीवर होता, तो रबरबँडने खाली, पुढच्या बाजूला बांधला. (वायर चाकात येत नाही ना, ते बघा हं.) पुढचे टायर काढून रिमवर सळया बांधायची लोखंडी तार गुंडाळली, दोन्ही चाकांवर सारखीच, आणि टायर परत चढवले. चढावर गाडीचं वजन मागे जातं आणि पुढची चाकं उचलली जातात, म्हणून तार पुढे. पंक्चरवाल्याकडे चाकाला लावायचे शिशाचे तुकडे मिळतात, पण ते नकोत. शिसं विषारी असतं. पुन्हा फळीवर ठेवली, तर ४७ अंश!

टायर खडखडीत कडक होते. पंक्चरवाल्याने सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे फुकट दिले, तेच टायरवर घट्ट ताणून बसवले. स्प्रिंगाही इतक्या ताठ की एक चाक दगडावर गेलं की दुसरं हवेत. त्या जागी संपलेल्या बॉलपेनांच्या नरम स्प्रिंगा घातल्या.

आता थोडं कठीण काम. गाडी बंद ठेवून मागची दोन्ही चाकं उचला आणि एक हाताने फिरवा. दुसरं उलटं फिरलं, तर आत डिफरन्शियल आहे. मग हवेतलं चाक गरगर फिरतं आणि दगडावरचं ढिम्म! ती पेटी उघडून आतले छोटे दाते एम-सीलने भरले की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. वळण मात्र मोठं घ्यावं लागतं. आणि एम-सील घट्ट बसलं की निघत नाही, तेव्हा घरी विचारूनच करा.

सगळा खर्च किती? तार आणि एम-सील मिळून शंभराच्या आत. मामाचे पाचशे वाचले.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत सगळा वर्ग ढिगाभोवती जमला. गाडी अडखळत, डुगडुगत, पण थेट टोकावर गेली! टाळ्या थांबायच्या आत ती पलीकडून उतरायला लागली आणि पुढच्या जड चाकांमुळे नाकावर आपटली. आता आम्ही पुढची तार एकेक वेढा कमी करत बघतोय.