रसिक की गिऱ्हाईक?

ज्या कलेवर आपला जीव जडला आहे तिच्याविषयी चार समानधर्मी माणसांशी मनमोकळे बोलावे, तिचे गुणदोष एकमेकांस दाखवावे आणि जमल्यास तसे काही आपल्याही हातून घडावे, ही इच्छा मनुष्यमात्राच्या ठिकाणी स्वाभाविकच आहे. गिरगावच्या चाळींतील भजनी मंडळे, दादरचे गाण्याचे जलसे आणि परळ-लालबागच्या गिरणी कामगारांची नाटके ही सर्व या एकाच इच्छेची फळे होत. अलीकडे आपल्या शाळेतील पुष्कळ विद्यार्थ्यांस जपानी चित्रमालिकांची, म्हणजे ज्यांस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात त्यांची, विलक्षण गोडी लागली आहे. आणि त्यांच्या चाहत्यांचे मेळावेही आपल्या शहरात भरू लागले आहेत. परळ भागात भरलेल्या अशाच एका मेळाव्यास आम्ही वरच्या इयत्तांतील काही विद्यार्थी आमच्या एका शिक्षकांसमवेत गेलो होतो. तेथे जे पाहिले त्यावरून आमचे जे मत बनले ते वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. मेळाव्याचे व त्याच्या चालकांचे नाव येथे मुद्दामच देत नाही. कोणा एकास दोष देण्यात आम्हास स्वारस्य नाही. अशा मेळाव्यांची जी एक रीत पडत चालली आहे तिचा विचार व्हावा, एवढीच आमची इच्छा आहे.

ज्या पालकांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठी दोन शब्द आधी सांगणे अवश्य आहे. जपानात चित्रांतून कथा सांगण्याची परंपरा जुनी आहे. होकुसाई या थोर चित्रकाराच्या ‘मांगा’ नामक रेखाचित्रसंग्रहाचा पहिला भाग १८१४ साली निघाला. पुढे तोच शब्द जपानी चित्रकथांस रूढ झाला. या चित्रकथा हलत्या-बोलत्या झाल्या म्हणजे त्यांस अ‍ॅनिमे म्हणावयाचे. ओसामु तेझुका यांची ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी दूरचित्रवाणीवर आली आणि या कलेचे युग खऱ्या अर्थाने सुरू झाले. याच तेझुकांनी पुढे भगवान बुद्धांच्या चरित्रावर अनेक खंडांची चित्रकथा रचिली. पालकांपैकीही पुष्कळांनी बालपणी दूरदर्शनवर मोगलीची मालिका आवडीने पाहिली असेल. ती १९८९ साली जपानातच तयार झाली होती. तेव्हा मुलांचे हे वेड म्हणजे काही आकाशातून पडलेले संकट नव्हे. आईबापांच्या आवडीचाच तो पुढचा अध्याय आहे.

‘हे सारे परकीय आहे, आपल्या मुलांस त्याचे काय?’ असा प्रश्न काही वडीलधारी मंडळी विचारतात. त्यांस आम्ही आपल्याच वस्तीतील एक गोष्ट स्मरण करून देऊ इच्छितो. कै. दादासाहेब फाळके यांनी गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील परदेशी चित्रपट पाहिला. तो पाहून ते टाळ्या वाजवून घरी गेले नाहीत. आपल्या पुराणातील कथा अशाच पडद्यावर का येऊ नयेत, या विचाराने त्यांची झोप उडाली. दादर येथे बिऱ्हाड करून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार केला व ३ मे १९१३ रोजी तो गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांस दाखविला. पुढे आगकाड्या एकेक तसू सरकवून व प्रत्येक वेळी छायाचित्र टिपून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ हा लघुपट केला. निर्जीव वस्तूस पडद्यावर चालविण्याची जी कला जपानने आज वैभवास नेली आहे, तिचा एक आद्य प्रयोग आपल्याकडे झाला तो असा. उलट दिशेनेही हेच घडले आहे. युगो साको नावाचे एक जपानी गृहस्थ १९८३ साली एका माहितीपटाच्या निमित्ताने भारतात आले, रामकथेने भारावून गेले आणि आपले राम मोहन व जपानचे कोइची सासाकी यांच्या साहाय्याने त्यांनी रामायणावर अ‍ॅनिमे चित्रपट उभा केला. १९९२ साली पूर्ण झालेला तो चित्रपट नव्याने उजळून २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडील चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर झळकला.

या दोन्ही गोष्टींचे मर्म एकच आहे. पाहणारा हा करणारा झाला. कोणत्याही कलेच्या मेळाव्याची परीक्षा आम्ही याच कसोटीवर करू: तेथे गेलेला मुलगा परत येताना काही करण्याची उमेद घेऊन येतो, की केवळ रिकामा खिसा घेऊन येतो?

आता आम्ही पाहिलेल्या मेळाव्याकडे वळू. प्रवेशपत्रिकेस जेवढे पैसे पडले तेवढ्यात आमच्यापैकी कित्येकांचा लोकलचा महिन्याचा पास निघाला असता. पैसे भरूनही सुमारे दोन तास पदपथावर उन्हात उभे राहावे लागले. बरोबरच्या लहान मुलांस सावली नव्हती. आत पिण्याच्या पाण्याचा नळ कोठे आढळला नाही; बाटली मात्र दुप्पट दराने मिळत होती. या गैरसोयी आम्ही हसतमुखाने सोसल्या असत्या, कारण गर्दीत धक्के खाणे हे मुंबईकरास नवे नाही. परंतु आत गेल्यावर जे दिसले त्याने मन खरोखर उदास झाले.

सभागृहाचा बहुतेक भाग स्टॉलांनी व्यापिला होता. किल्ल्यांचे छल्ले, बिल्ले, भित्तिचित्रे, बाहुल्या यांची नुसती रास. त्यांतील पुष्कळसा माल नकली, म्हणजे मूळ चित्रकाराच्या परवानगीवाचून छापलेला, हे जाणत्यास दुरूनही कळत होते. आपल्या आवडत्या चित्रकाराविषयीचे प्रेम म्हणून मूल पैसे देते, आणि त्या चित्रकाराच्या हाती त्यातील एक पैही पडत नाही, याहून मोठी विटंबना कोणती? ज्यांनी स्वतःची चित्रे, स्वतःच्या छोट्या चित्रकथा काढून आणिल्या होत्या असे चार-पाच तरुण कलावंत शेवटच्या कोपऱ्यात, खांबाच्या आड बसले होते. जागेचे भाडे त्यांसही व्यापाऱ्यांइतकेच भरावे लागले होते. त्यांतील एकीने काढलेली, गिरगावातील चाळीच्या गॅलरीत वावरणाऱ्या एका मांजरीची चित्रकथा आम्ही उभ्या उभ्या वाचून काढिली. त्या दिवसाची खरी मिळकत म्हणून आम्ही तिचाच उल्लेख करू.

चित्रपट दाखविण्याची व्यवस्था होती, पण पडदा लहान, आणि शेजारच्या रंगमंचावरील ध्वनिक्षेपकाचा गोंगाट इतका, की पात्रांचा एकही संवाद धड ऐकू येईना. एक चित्रपट तर मध्येच बंद पडला व पुन्हा सुरू झालाच नाही. हे चित्रपट तयार कसे होतात याविषयी कोणी अवाक्षर बोलले नाही. वास्तविक यासारखा रम्य विषय दुसरा नाही. पडद्यावर सेकंदास २४ चौकटी सरकतात. एकेक चित्र दोन किंवा तीन चौकटींपुरते स्थिर ठेविले तरी सेकंदास ८ ते १२ व मिनिटास ४८० ते ७२० चित्रे लागतात. हा हिशेब एका फळ्यावर मांडून, वहीच्या कोपऱ्यात पाने फडफडवून पळणारा घोडा काढून दाखविला असता तर शेकडो मुले घरी जाऊन रात्रभर चित्रे काढीत बसली असती. त्यास खर्च तो किती? एक फळा आणि एक जाणता माणूस.

वेषधारणेची स्पर्धा हे अशा मेळाव्याचे मुख्य आकर्षण असते. तीस ‘कॉस्प्ले’ म्हणतात. तेथे लालबागचा एक मुलगा आला होता. मंडपाच्या सजावटीचे काम करणाऱ्या आपल्या काकांकडून फोम कापण्याची व रंगविण्याची हातोटी शिकून त्याने योद्ध्याचे संपूर्ण चिलखत स्वतः घडविले होते. पारितोषिक मात्र तयार पोशाख विकत आणून रंगमंचावर अधिक आरडाओरड करणाऱ्यास मिळाले. टाळ्यांच्या आवाजावर निकाल लावला की असे होणारच. याहून गंभीर गोष्ट मुलींची. वेष बदलण्यासाठी त्यांना आडोशाची जागा नव्हती. प्रसाधनगृहापुढे रांगेत ताटकळावे लागत होते. न विचारता त्यांची छायाचित्रे टिपणारे लोक मोकळेपणी हिंडत होते, आणि तक्रार कोणाकडे न्यावी हे सांगणारी एक पाटीही कोठे नव्हती. पालक आपल्या मुलींस अशा ठिकाणी पाठविण्यास कचरतात तेव्हा त्यांस जुन्या मताचे म्हणून हिणविण्याचा अधिकार कोणास आहे?

आणखी एक उणीव आम्हास टोचली. सभागृह परळचे, आलेल्या मुलांपैकी निम्मी तरी आपापसांत मराठी बोलत होती. परंतु व्यासपीठावरून दिवसभरात मराठीचा एक शब्द निघाला नाही. जपानी गीते तोंडपाठ म्हणणाऱ्या मुलांस आपल्या भाषेत या कलेविषयी बोलण्याची संधी मिळाली असती तर त्यांचे प्रेम अधिकच मुरले असते.

चालकांची बाजूही ऐकली पाहिजे. मुंबईत सभागृहाचे भाडे डोळे पांढरे करणारे असते, स्टॉलांच्या उत्पन्नावाचून खर्च भागत नाही, आणि काम करणारी मंडळी बहुधा विशी-पंचविशीतील, हौशी असतात. हे सर्व आम्हास मान्य आहे. तसेच त्या दिवशी आम्ही कित्येक अनोळखी मुलांशी तासन् तास बोललो, हा आनंदही खरा होता. शाळेत ज्याच्या आवडीची थट्टा होते अशा एकलकोंड्या मुलास आपल्यासारखी शेकडो माणसे जगात आहेत हे तेथे प्रथमच कळते. त्याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. किंबहुना म्हणूनच आमची तक्रार आहे. ज्यांनी इतक्या प्रेमाने यावे त्यांना केवळ गिऱ्हाईक म्हणून वागविले जावे, हे योग्य नव्हे.

या रसिकांची शक्ती लहान नाही. २०१९ साली माकोतो शिनकाई यांचा ‘वेदरिंग विथ यू’ हा चित्रपट भारतात यावा म्हणून सुमारे ५०,००० चाहत्यांनी सह्यांचे निवेदन केले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तो आपल्याकडील चित्रपटगृहांत लागलाही. ज्यांनी हे साधिले त्यांस एक चांगला मेळावा भरविता येणार नाही काय?

खुद्द जपानातील उदाहरण पाहा. टोकियो येथील ‘कॉमिक मार्केट’ नामक मेळावा १९७५ च्या डिसेंबरात प्रथम भरला, तेव्हा त्यात स्वतःची पुस्तके घेऊन आलेली अवघी ३२ मंडळे व सुमारे ७०० माणसे होती. आज तेथे लाखो लोक लोटतात. परंतु तेथील एक तत्त्व प्रारंभापासून टिकून आहे: पुस्तक काढणारा, ते घेणारा आणि रांग लावणारा स्वयंसेवक, या सर्वांस एकच नाव, ‘सहभागी’. गिऱ्हाईक असा वर्गच तेथे मानीत नाहीत.

हे तत्त्व आपणास तरी नवे आहे काय? गिरगावातील केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. तेथे वर्गणी देणारा, आरास करणारा व दर्शन घेणारा हे तिघेही चाळकरीच. परळच्या दामोदर नाट्यगृहात पाळी संपवून आलेला गिरणी कामगार तोंडास रंग लावून उभा राही आणि त्याचेच सोबती समोर प्रेक्षक म्हणून बसत. त्या कार्यातही उणिवा होत्या व आहेत. गर्दी, गोंगाट, वर्गणीच्या कटकटी कोणास ठाऊक नाहीत? तथापि ‘हे आमचे आहे’ ही भावना तेथे होती, आणि ती तिकिटाने विकत मिळत नाही.

तेव्हा नुसते दोष दाखवून न थांबता आम्ही एक सूचना करितो. आपल्या शाळेचे सभागृह सुटीच्या दिवशी रिकामे असते. तेथे शेजारच्या दोन-चार शाळांच्या मदतीने एक दिवसाचा छोटा मेळावा भरवावा. निम्मी टेबले स्वतःच्या हाताने काढलेली चित्रे व चित्रकथा आणणाऱ्यांसाठी नाममात्र दरात राखावी. नकली मालास मज्जाव असावा. वेषस्पर्धेत पोशाख कसा केला हे स्पर्धकाने सांगावे व त्यावर गुण द्यावेत. मुलींसाठी एक वर्ग वेष बदलण्यास मोकळा ठेवावा, ‘विचारल्यावाचून छायाचित्र घेऊ नये’ अशी ठसठशीत पाटी दारातच लावावी आणि एक शिक्षिका व एक पालक दिवसभर तेथे हजर असावेत. पाण्याचे पिंप भरलेले असावे. चित्रकलेच्या शिक्षकांनी फळ्यापाशी उभे राहून, मराठीत, हलत्या चित्राचे रहस्य उलगडावे. चित्रपट एकच दाखवावा, पण तो रीतसर परवानगी काढून, शांतपणे व शेवटपर्यंत.

पालकांस आमची विनंती अशी की, मुलास अशा ठिकाणी जाण्यास सरसकट मनाई करू नये व नुसते पैसे देऊन बोळवणही करू नये. एकदा त्याच्यासोबत यावे, तो काय पाहतो ते पाहावे, आणि परतल्यावर ‘काय विकत घेतलेस?’ याऐवजी ‘काय काढावेसे वाटते?’ असे विचारावे.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हास एवढेच सांगणे आहे: जी चित्रे तुम्हास भुरळ घालितात ती तुमच्याच वयाच्या कोणा मुलाने एके काळी वहीच्या मागच्या पानावर गिरविण्यास आरंभ केला म्हणून आज पडद्यावर आहेत. ते मागचे पान तुमच्याही वहीस आहे. पुढील वर्षीच्या अंकास त्यातील काही आमच्याकडे अवश्य पाठवा.