जमीन रिकामी नव्हती

अमेरिका म्हणजे बाहेरून आलेल्यांनी उभा केलेला देश, हे वाक्य आता इतकं गुळगुळीत झालंय की ते कुणी तपासतच नाही. निवडणूक आली की तिथले नेते ते म्हणतात, व्हिसाची बातमी आली की आपल्याकडचे चॅनेलवाले म्हणतात. जहाजं आली, मोकळी जमीन होती, लोकांनी घाम गाळला, देश झाला. गोष्ट छान आहे. पण तिथल्या पहिल्या सत्तर वर्षांच्या जनगणनेचे आकडे समोर ठेवले की ती अर्धीच खरी निघते. उरलेली अर्धी तर आपल्यासारख्या, रेघेच्या कडेला वाढलेल्या पोरापोरींनी वाचायलाच हवी.

आधी आकडेच बघू. अमेरिकेची पहिली जनगणना १७९० ची. त्यात भरले ३९ लाख २९ हजार. १८०० साली ५३ लाख, १८१० ला ७२ लाख, १८२० ला ९६ लाख. पुढे १८५० ला २ कोटी ३२ लाख आणि १८६० ला ३ कोटी १४ लाख. सत्तर वर्षांत आठपट! दर दहा वर्षांनी लोकसंख्या साधारण एक तृतीयांशाने वाढत होती, आणि हे सलग सात दशकं चाललं.

मग एवढी माणसं आली कुठून? जहाजातून म्हणाल तर हिशोब लागत नाही. जहाजाच्या कप्तानाने उतारूंची यादी द्यायची हा कायदा १८१९ चा, त्यामुळे पक्की नोंद १८२० पासून मिळते. त्याआधीच्या तीस वर्षांत साधारण अडीच लाख लोक बाहेरून आले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आणि त्याच तीस वर्षांत लोकसंख्या वाढली ५७ लाखांनी. म्हणजे वाढलेल्या शंभर माणसांमागे जेमतेम चार-पाच जण बंदरावर उतरलेले. बाकीचे सगळे पाळण्यातून आले.

पाळणे एवढे का हलले, याचं उत्तर बेंजामिन फ्रँकलिनने देश स्वतंत्र होण्याच्याही आधी, १७५१ साली एका निबंधात लिहून ठेवलंय. युरोपात पोराला लग्न करायचं तर बापाची जमीन वाटणीला येईपर्यंत थांबावं लागायचं. इथे जमीन स्वस्त, म्हणून लग्नं लवकर, म्हणून मुलं जास्त. दर वीस-पंचवीस वर्षांनी इथली लोकसंख्या दुप्पट होईल, असं त्याने म्हटलं होतं आणि पुढे जवळपास तसंच घडलं. १८०० च्या सुमारास तिथल्या गोऱ्या बाईला सरासरी सात मुलं होत होती. म्हणजे लोकसंख्येचं खरं इंजिन जमीन होती. जमीन संपली असती तर पाळणेही थांबले असते. म्हणून जमीन संपू द्यायची नाही, हेच धोरण झालं.

याच निबंधात फ्रँकलिनने आणखी एक गोष्ट लिहिलीय. पेनसिल्व्हेनियात जर्मन लोक फार आलेत, ते आपली भाषा आणि रीतभात घेणार नाहीत, उलट आपल्यालाच जर्मन करून सोडतील, अशी त्याची तक्रार होती. देश जन्मायच्या पंचवीस वर्षं आधीची ही भीती! ‘तुमची भाषा आमच्या राज्यात कशाला’ हा सूर आपल्याला नवा नाही. तो किती जुना आणि किती दूरवरचा आहे, एवढं मात्र लक्षात ठेवा.

जमीन संपू न देण्याची यंत्रणा कशी होती तेही बघा. १७८५ च्या कायद्याने पश्चिमेकडची जमीन कागदावर चौकोनात कापली. सहा मैल बाय सहा मैलांचा एक गट, त्याचे ३६ तुकडे, एकेक तुकडा ६४० एकरांचा. आपल्याकडच्या सर्व्हे नंबरासारखाच प्रकार. १७८७ च्या कायद्याने ठरवलं की एखाद्या नव्या प्रदेशात ६० हजार स्वतंत्र रहिवासी झाले की त्याला राज्य म्हणून मागणी करता येईल. म्हणजे मोजा, विका, वसवा, पुन्हा मोजा आणि राज्य करा. ओहायोत १८०० साली ४५ हजार लोक होते. १८०३ ला ते राज्य झालं, १८१० ला लोकसंख्या २ लाख ३० हजारांवर गेली आणि १८५० ला २० लाखांच्या जवळ पोचली. १८०३ मध्येच फ्रान्सकडून लुईझियानाचा अवाढव्य पट्टा दीड कोटी डॉलरला घेतला आणि देशाचं क्षेत्रफळ एका सहीत जवळजवळ दुप्पट झालं. पुढे फ्लोरिडा, १८४५ ला टेक्सस, १८४६ ला ओरेगॉन, १८४८ ला मेक्सिकोकडून कॅलिफोर्नियापर्यंतचा मुलूख.

आता खरा प्रश्न. या जमिनीवर आधी कोण होतं?

कागदावर विचाराल तर फारसं कुणी नाही. कारण अमेरिकन राज्यघटनेनेच सांगून ठेवलं होतं की कर न भरणारे ‘इंडियन’, म्हणजे तिथले मूळ रहिवासी, मोजायचे नाहीत. ओहायोत शॉनी होते, मायामी होते, डेलावेअर होते. पण मोजणीत नव्हते. ज्याला मोजलंच नाही त्याची जमीन रिकामी दिसते, इतकं ते सोपं होतं.

चेरोकी लोकांचं उदाहरण तर काळजाला लागतं. ‘शिका, सुधारा, आमच्यासारखे व्हा’ असं त्यांना सांगितलं जात होतं, आणि त्यांनी ते केलं. सिक्वोया नावाच्या माणसाने १८२१ पर्यंत त्यांच्या भाषेसाठी स्वतंत्र लिपी तयार केली. १८२८ ला त्यांचं स्वतःचं वर्तमानपत्र निघालं. लेखी राज्यघटना झाली. जॉर्जिया राज्याने त्यांच्यावर आपला कायदा लादला तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १८३२ मध्ये निकाल चेरोकींच्या बाजूने लागला. तरीही १८३८-३९ मध्ये साधारण सोळा हजार लोकांना लष्कराच्या बळावर पश्चिमेकडे हाकललं, त्यात सुमारे चार हजार मेले. लिपी होती, पेपर होता, कोर्टाचा निकाल हातात होता. मोजणाऱ्यांच्या यादीत तेवढं नाव नव्हतं.

गुलामांचं उलट होतं. ते मोजले गेले, पण दुसऱ्याच्या फायद्यासाठी. राज्याला संसदेत किती जागा, हे ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरायचा. मत त्याला नाही, त्याच्या मालकाच्या राज्याला जागा मात्र जास्त. १७९० ला सुमारे ७ लाख गुलाम होते. १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला बंदी आली, तरी १८६० ला आकडा ३९ लाखांच्या वर गेला. नव्या जमिनीवर कापूस लावायचा होता, त्यासाठी साधारण दहा लाख माणसं जुन्या राज्यांतून दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे नेली, बरीचशी विकून, घरं मोडून. हेही स्थलांतरच. पण ‘स्थलांतरितांचा देश’ म्हणताना हे कुणाच्या डोळ्यांसमोर येतं का?

जहाजांची मोठी लाट आली ती यानंतर. १८२० च्या दशकात जेमतेम दीड लाख लोक आले होते, १८४० च्या दशकात १७ लाख आले आणि १८५० च्या दशकात २६ लाख. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं, दुष्काळ पडला. जर्मनीत १८४८ चा उठाव फसला. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा ‘जन्म कुठे झाला’ हे विचारलं, तेव्हा सुमारे दहा टक्के लोक परदेशात जन्मलेले निघाले. या माणसांचे कष्ट खरे आहेत, ते कुणी नाकारू नये. पण ती आली तोवर जमीन घेऊन, मोजून, वाटून बरीच झाली होती.

आणि मग १८४८. युद्ध हरलेल्या मेक्सिकोने तहावर सही केली आणि ऐंशी हजार ते एक लाख माणसं घराचा उंबरा न ओलांडता दुसऱ्या देशात गेली. ती कुठेच स्थलांतरित झाली नव्हती. सरकली होती ती रेघ. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, लोंढा आला, आणि १८५० ला ९२ हजार असलेली लोकसंख्या दहा वर्षांत ३ लाख ८० हजार झाली. १८४९ च्या घटनेत तिथे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत छापायचं ठरलं होतं. १८७९ च्या नव्या घटनेत स्पॅनिश गेली. माणसं तिथेच होती, टक्केवारी बदलली होती.

शेजारच्या न्यू मेक्सिकोची गोष्ट त्याहून बोलकी आहे. १८५० ला तिथे ६१,५४७ लोक मोजले गेले. साठ हजारांचा तो जुना मापदंड पूर्ण! तरी राज्याचा दर्जा मिळाला १९१२ साली, बासष्ट वर्षांनी. आणि नेवाडा? १८६० ला तिथे ६,८५७ माणसं होती. १८६४ ला अध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आठवडाभर आधी ते राज्य झालं. न्यू मेक्सिको रखडायला गुलामगिरीचं राजकारण हेही एक कारण होतं. पण बहुसंख्य लोक स्पॅनिश बोलणारे आणि कॅथलिक, हे दुसरं. १९०२ साली सिनेटची एक समिती तिथे फिरली, तेव्हा कोर्टात दुभाषी लागतो का, शाळेत काय बोलतात, याचीच चौकशी तिने केली.

म्हणून माझं म्हणणं असं : लोकसंख्या वाढते तेव्हा ती नुसती वाढत नाही. कुणाला माणूस म्हणून धरायचं, कुणाला अर्धवट धरायचं आणि कुणाला सोडून द्यायचं, हे आधी ठरतं. मग त्या आकड्यातून राज्यं आणि सीमा उभ्या राहतात.

आपली गोष्ट वेगळी आहे, हे मान्य. १९५६ ला आपल्याला कुणी जिंकलं नाही की विकत घेतलं नाही. देश तोच राहिला, नागरिकत्व तेच राहिलं. पण माणसं जागेवर आणि रेघ सरकलेली, एवढं साम्य आहेच. म्हणून न्यू मेक्सिकोवाल्यांनी त्या बासष्ट वर्षांत काय केलं ते बघण्यासारखं आहे. त्यांनी स्पॅनिश पेपर चालवले, कोर्टात आणि विधिमंडळात भाषा वापरत राहिले. राज्य मिळालं तेव्हा घटनेतच लिहून घेतलं की इंग्रजी किंवा स्पॅनिश येत नाही म्हणून कुणाचा मताचा वा पदाचा हक्क काढता येणार नाही. शिक्षकांना दोन्ही भाषा शिकवायची तरतूद केली. आणि ही कलमं बदलणं मुद्दाम अवघड करून ठेवलं. संख्या होतीच, पण नुसत्या संख्येवर ते बसून राहिले नाहीत.

त्याच राज्यात मूळ रहिवाशांना मताचा हक्क मात्र १९४८ पर्यंत मिळाला नाही, हेही वाचून ठेवा. आपल्याला दाबलं म्हणून आपण दुसऱ्याला दाबत नाही, असं काही नसतं. आपल्या गल्लीत कन्नड, उर्दू, कोंकणी, लंबाणी बोलणारी घरं आहेत. त्यांची शिरगणती नीट व्हावी, ही मागणी आपल्या तोंडून आली तर आपल्या मागणीचं वजन वाढेल.

जनगणनेचा माणूस दारात येईल तेव्हा मातृभाषेच्या रकान्यात तो काय भरतोय, ते उभं राहून बघा. घरात आजी एकटी असेल तर तिला आधीच सांगून ठेवा. आणि शेजारच्या घरातही जाऊन सांगा, त्यांची भाषा कुठलीही असो.