क्रियापद कोणाचें ऐकतें ?

मराठी व्याकरणांतील ‘प्रयोग’ हें प्रकरण विद्यार्थ्यांस फार नावडतें आहे. दोष प्रकरणाचा नसून तें शिकविण्याच्या आमच्या रीतीचा आहे, असें माझें स्पष्ट मत आहे. ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस’ हें समीकरण इंग्रजीच्या तासाला मुलाच्या कानीं पडतें, मराठीच्या तासाला तें कोणी खोडून काढीत नाहीं, आणि मग ‘तांडेलानें जाळें टाकलें’ या साध्या वाक्याचें इंग्रजी करतांना हुशार विद्यार्थीही ‘जाळें तांडेलाकडून टाकलें गेलें’ अशा अर्थाचें उफराटें वाक्य लिहून बसतो. या दुसऱ्या रचनेला आमच्या व्याकरणांत ‘नवीन कर्मणी’ असें निराळें नांव दिलेलें आहे. पहिल्या वाक्यांत तांडेल आपल्या जागीं ठाम उभा आहे. त्याला कोणीं मागें सारलेलें नाहीं. फक्त क्रियापद त्याचें ऐकत नाहीं, जाळ्याचें ऐकतें.

असें कां व्हावें, हें आगरदांड्याच्या धक्क्यावर उभें राहून दिघीकडे जाणाऱ्या बोटी पाहणाऱ्या मुलास दोन वाक्यांत समजेल. ‘जाळें तुटलें.’ ‘माशानें जाळें तोडलें.’ पहिल्या वाक्यांत जाळें कर्ता आहे, दुसऱ्यांत कर्म. तरी दोन्हीं ठिकाणीं तें बिनप्रत्ययाचें आहे आणि क्रियापद त्याच्याच लिंगवचनानें चालतें. वेगळी खूण लागली ती माशाला. ‘होडी बुडाली’, ‘वाऱ्यानें होडी बुडविली’ यांतही होडीचाच मान राहिला. वर्तमानकाळांत मात्र ‘मासा जाळें तोडतो’ असें म्हणतांच सत्ता पुन्हां माशाच्या हातीं जाते.

पाश्चात्य पंडित या रचनेस ‘एर्गेटिव्ह’ म्हणतात. युरोपांत स्पेन व फ्रान्स यांच्या सीमेवरील बास्क भाषेंत ती आहे. कॉकेशस पर्वताकडील जॉर्जियन भाषेंत ती आमच्यासारखीच कांहीं काळांपुरती आढळते. आमच्याकडे ती संस्कृतांतील धातुसाधित विशेषणांवरून आली. ‘रामेण रावणः हतः’ ही मूळची रचना प्राकृतांतून येतां येतां ‘रामानें रावण मारला’ अशी झाली, आणि कर्मणीचा मूळ अर्थ वाटेंत गळून सांगाडा तेवढा उरला. बंगालीनें तो सांगाडाही टाकून दिला. तेथें भूतकाळींही क्रियापद कर्त्याचेंच ऐकतें. म्हणून रवींद्रनाथांच्या भाषेला कोणी अशुद्ध म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

परकीयांस आमची ही रीत शिकून घ्यावी लागली, हेंही विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें. विल्यम कॅरे यांनीं १८०५ सालीं श्रीरामपूर येथें मराठीचें व्याकरण प्रसिद्ध केलें. त्यांच्याही पूर्वीं फादर थॉमस स्टीफन्स यांनीं कोंकणीचें व्याकरण रचलें होतें; तें त्यांच्या मृत्यूनंतर १६४० सालीं राचोल येथें छापलें गेलें. (हें ‘छापलें गेलें’ तेवढें खरें पॅसिव्ह!) एतद्देशीयांपैकीं दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालचें आहे.

आतां ‘मी’ आणि ‘तूं’ यांजकडे वळूं. ‘माशानें’, ‘त्यानें’ यांस ‘नें’ लागतो, पण ‘मीनें आंबा खाल्ला’ असें आम्ही लिहीत नाहीं. ऑस्ट्रेलियांतील डिर्बल भाषेंत हाच भेद आहे: नामांना कर्त्याचा खास प्रत्यय लागतो, ‘मी’ व ‘तूं’ या अर्थाच्या सर्वनामांना लागत नाहीं. डिक्सन यांनीं १९७२ सालीं त्या भाषेचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. बोलणारा आणि ऐकणारा हे सहजच करते पुरुष असतात, त्यांस वेगळी खूण नको. वारा व मासा यांस ती लागते, असा त्याचा उलगडा कित्येक विद्वान करतात, आणि मला तो पटतो. मराठींत पूर्वीं बारीकशी खूण होतीही : ‘मी आंबा खातों’, पण ‘मीं आंबा खाल्ला’. १९६२ सालच्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले आणि तो बिंदुही गेला. या लेखांत जुनें वळण मुद्दाम ठेविलें आहे, तें एवढ्याचकरितां. ‘तूं भाकरी खाल्लीस’ यांत तर ‘खाल्ली’ भाकरीसाठीं आणि ‘स’ तुझ्यासाठीं. एका चाकराला दोन धनी सांभाळतां येत नाहींत म्हणतात, हें क्रियापद ते बिनतक्रार सांभाळतें.

हें सर्व सांगण्याचें कारण निराळें आहे. सोलापूर-लातूरकडून बदलीनें इकडे आलेल्या घरांतील एखादा मुलगा ‘मी अभ्यास केलो’ म्हणाला कीं वर्गांत हशा पिकतो, आणि कधीं कधीं त्यांत शिक्षकही सामील होतात. मग तो मुलगा आठ-आठ दिवस तोंड उघडीत नाहीं. त्याच्या मूळच्या मुलुखाशेजारीं कानडी आहे, व कानडींत क्रियापद सर्वकाळ कर्त्याच्याच आज्ञेंत असतें. शिवाय आमची शुद्ध मराठी तरी कोठें एकवचनी आहे ? ‘मी पाणी प्यालों’, ‘ती लुगडें नेसली’, ‘मी धडा शिकलों’ हीं सकर्मक क्रियापदें कर्त्याचेंच ऐकतात, आणि तीं आम्हीच शिकवितों. ‘धडा शिकलों’ शुद्ध, तर ‘अभ्यास केलो’ हास्यास्पद कां, असें त्या मुलानें विचारल्यास हंसणाऱ्यांपैकीं किती जणांस उत्तर देतां येईल ? परीक्षेच्या कागदावर त्यानें ‘मी अभ्यास केला’ असेंच लिहावें. तें त्यास शिकविणें आमचें कामच आहे. त्याच्या आईच्या बोलीला हंसणें हें आमचें काम नव्हे.

पालकांस एक विनंति आहे. ‘मीं भाकरी खाल्ली’, ‘आम्हीं होडी ओढली’, ‘आईनें मुलीला बोलाविलें’ हीं तीन वाक्यें आपल्या घरीं आजी कशीं बोलते, तें मुलाकडून जसेंच्या तसें लिहवून पाठवावें. कोळीवाड्यांतून, मोहल्ल्यांतून, घाटावरून आलेल्या बिऱ्हाडांतून, सर्वांकडून. तीं एकाखालीं एक फळ्यावर लिहून प्रयोगाचा पहिला तास घ्यावयाचा माझा बेत आहे.